व्यक्तिचित्रणातील डोळा : सुट्या अभ्यासाचा उपयोग व मर्यादा

व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळताना एक गोष्ट हटकून आढळते. पानेच्या पाने डोळ्यांनी भरलेली असतात. प्रत्येक डोळा सुटा, प्रत्येक समोरून पाहणारा, पापणीचे केस एकेक मोजून काढल्यासारखे, बुबुळातील तंतू सूर्यकिरणांप्रमाणे पसरलेले, आणि बाहुलीच्या कडेला शुभ्र, लखलखीत ठिपका. अशा एकेका डोळ्याकडे पाहिले तर विद्यार्थ्याच्या चिकाटीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच विद्यार्थ्याने त्याच वहीच्या शेवटी काढलेले आपल्या वडिलांचे किंवा मित्राचे चित्र पाहावे, तर तेच दोन लखलखीत डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात आणि चेहरा कोणाचा ते ओळखता येत नाही. शंभर डोळे काढूनही व्यक्तिचित्र का सुधारले नाही, हा त्या विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'आणखी शंभर काढा' असे देणे मात्र रास्त नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

डोळ्यांच्या अभ्यासाला एवढे महत्त्व का येते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रेक्षकाची दृष्टी चित्रावर कशी फिरते याचे प्रयोग सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी केले आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. चेहऱ्याचे चित्र समोर असता प्रेक्षकाची नजर गालावर किंवा कपाळावर फार काळ रेंगाळत नाही. ती पुनःपुन्हा डोळ्यांकडे व ओठांकडे परत येते, असे त्यांत दिसून आले. अर्थात कानाची चूक खपून जाते, डोळ्याची खपत नाही. चित्रकाराला हे प्रयोगावाचूनही ठाऊक होते. मात्र त्यातून त्याने अनेकदा चुकीचा निष्कर्ष काढला. प्रेक्षक डोळ्याकडे पाहतो म्हणून डोळा अधिक तपशिलाने काढावा, असे तो समजला. वस्तुतः प्रेक्षक डोळ्याकडे पाहतो म्हणून डोळा अधिक अचूक जागी, अचूक कलात व अचूक छटेत बसवावा, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

नवशिक्याच्या मनात डोळा म्हणजे बदामाची आकृती व तिच्या मधोमध एक वर्तुळ. ही आकृती त्याने कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नसते. ती लहानपणापासून हाताला सवयीची झालेली खूण असते. प्रत्यक्षात डोळा म्हणजे कवटीच्या खोबणीत बसलेला सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा गोल, आणि त्यावर पांघरलेल्या दोन जाड पापण्या. आपल्याला दिसते ती या पापण्यांमधील फट. तिची लांबी प्रौढ माणसात साधारणतः २८ ते ३० मिलिमीटर व उंची १० मिलिमीटरच्या आसपास असते. फट गोलाच्या व्यासाहून लांब कशी, असे कोणी विचारील. तिचा आतला कोपरा गोल सोडून नाकाच्या बाजूला पुढे गेलेला असतो, आणि तेथे ती लहानशी तांबूस, ओलसर गोळी असते. बहुतेक विद्यार्थी ही गोळी एक तर विसरतात, नाही तर डोळ्याच्या पांढऱ्या भागातच ओढून आणतात.

बुबुळाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर. हे माप प्रौढांमध्ये माणसागणिक फारच थोडे बदलते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचे बुबुळही जवळजवळ प्रौढाएवढेच असते. मुलांचे डोळे टपोरे दिसतात याचे हे एक मोठे कारण होय; चेहरा लहान, फट लहान, पण बुबुळ मोठ्या माणसाचे. यास्तव मुलाचे चित्र काढताना प्रौढाचा डोळा प्रमाणात लहान करून बसवला, तर ते मूल न दिसता खुजा प्रौढ दिसतो. बुबुळाचे पूर्ण वर्तुळ तर स्वस्थ चेहऱ्यावर सहसा दिसतच नाही. वरची पापणी त्याचा एक ते दोन मिलिमीटर भाग झाकते आणि खालची पापणी त्याच्या कडेला टेकलेली असते. वर्तुळ पुरे काढले की चित्रातील माणूस दचकल्यासारखा दिसू लागतो. वर्गात एखाद्याच्या चित्रातील व्यक्ती अकारण घाबरलेली दिसली, तर मी प्रथम हीच जागा पाहतो.

पापणी ही रेघ नव्हे, तिला जाडी आहे, हे सांगून पटत नाही. करून पाहिल्यावर पटते. त्यासाठी एक घरगुती प्रयोग उपयोगी पडतो. साधारण मोठ्या लिंबाएवढा चेंडू घ्यावा, त्यावर शाईने बुबुळाचे वर्तुळ काढावे, आणि कणकेच्या दोन जाडसर पट्ट्या लाटून त्या वरून व खालून चेंडूवर बसवाव्यात. नंतर तो खिडकीजवळ ठेवावा. वरच्या पट्टीची कड खाली तोंड करून असल्याने ती अंधारात जाते आणि तिची सावली चेंडूवर पडते. खालच्या पट्टीची कड वर तोंड करून असल्याने उजेड झेलते. हा चेंडू हळूहळू फिरवला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. समोरून दोन्ही बाजूंना सारखी दिसणारी कणकेची कमान बाजूने पाहता पुढच्या टोकाला एकदम उभी चढते व मागच्या टोकाला लांब, सपाट उतरते. पापणीच्या रेघेतील हा चढ व उतार ज्याला साधला, त्याला डोळ्याचा गोल काढावा लागत नाही, तो आपोआप दिसतो. चित्रकलेवरील जाडजूड पुस्तक वाचण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने एक रविवार या कणकेच्या डोळ्यावर घालवावा, असे माझे मत आहे.

आता छटांकडे वळू. डोळ्यातील पांढरा भाग पांढरा नसतो, हे वाक्य सर्व शिक्षक उच्चारतात, पण विद्यार्थी तो भाग कोऱ्या कागदाचाच ठेवतात. याचे कारण असे की पांढरेपणाची आपली कल्पना डोळ्याच्या अनुभवापेक्षा बलवत्तर असते. तिला शह देण्यासाठी एका करड्या पुठ्ठ्याला पेन्सिलच्या टोकाएवढे भोक पाडावे आणि त्यातून बैठकीला बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यातील पांढरा भाग पाहावा. मग त्याच भोकातून त्याच उजेडातील पांढरा कागद पाहावा. पहिल्या वेळी हा फरक पाहून विद्यार्थी चकित होतात. वरच्या पापणीची सावली, गोलाची वळण घेणारी पाठ आणि केसांची झालर यांमुळे तो भाग कित्येकदा गालावरील उजेडाहूनही गडद असतो. कोऱ्या कागदाचा पांढरा रंग चेहऱ्यावर कोठे खर्च करावयाचा असेल तर तो एकाच ठिकाणी, बुबुळावरील चमकेत.

ही चमकदेखील अलंकार नव्हे. बुबुळावर काचेच्या भिंगासारखे फुगीर, पारदर्शक आवरण असते. शास्त्रीय भाषेत त्याला स्वच्छमंडल म्हणतात. त्यात प्रकाशाच्या उगमाचे प्रतिबिंब पडते, तीच ही चमक. खिडकी चौकोनी असेल तर चमकही चौकोनी. आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५०० साली काढलेल्या आपल्या प्रसिद्ध आत्मचित्रात बुबुळावर खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब दाखवले आहे, आणि १५०२ मधील त्याच्या सशाच्या डोळ्यातही ती खिडकी आहे. आजच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांत ही चमक पुष्कळदा कंकणाकृती दिसते. ते मोबाइलवरील छायाचित्रे पाहून काढतात, आणि ती छायाचित्रे गोल दिव्यासमोर घेतलेली असतात. त्या दिव्याने चेहऱ्यावरील सगळ्या सावल्या पुसलेल्या असतात, म्हणजे ज्या गोष्टी शिकावयाच्या त्याच नाहीशा झालेल्या असतात. उरते ते एक चमकदार कंकण, आणि विद्यार्थी तेवढेच मोठ्या निष्ठेने उतरवतो.

चमकेच्या जोडीला एक दुसरा उजेड असतो व तो सहसा सुटतो. प्रकाश वरून डावीकडून आला तर चमक बुबुळाच्या वरच्या डाव्या बाजूस पडते; परंतु जो प्रकाश पारदर्शक आवरणातून आत शिरतो तो वळून बुबुळाच्या उलट बाजूस, म्हणजे खाली उजवीकडे, जमा होतो व तेथे बुबुळ उजळते. डोळा ओला आणि खोल वाटतो तो या दोन उजेडांच्या परस्परविरोधामुळे. नुसता ठिपका ठेवला तर डोळा काचेच्या मण्यासारखा दिसतो.

आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. आपल्या भोवतालच्या बहुतेक माणसांची बुबुळे गडद तपकिरी असतात. साधारण उजेडात बाहुली व बुबुळ यांच्या छटांत इतका थोडा फरक राहतो की चार-पाच फुटांवरून बाहुली वेगळी दिसतही नाही. मग विद्यार्थ्यांच्या वह्यांत काळीभोर बाहुली, तिच्याभोवती करडे किरण आणि त्यांना वेढणारे गडद कडे कोठून येते? ते निळ्या व करड्या डोळ्यांच्या चित्रांवरून येते. सराव ज्या नमुन्यांवरून करावयाचा, ते नमुने बहुतांशी युरोपीय चेहऱ्यांचे असतात. मीही अनेक वर्षे विद्यार्थ्यांपुढे तसलेच नमुने ठेवले, आणि समोर बसलेल्या शिपायाचे डोळे त्यांनी करडे काढले म्हणून त्यांनाच बोल लावला, हे येथे कबूल केले पाहिजे. दोष त्यांच्या हाताचा नव्हता. तपकिरी डोळ्यात तंतू जवळजवळ दिसत नाहीत. त्याचा तपकिरीपणा त्या उलट बाजूच्या उजेडातच काय तो प्रकट होतो. पेन्सिलीने काढताना तेथे एक लहानशी चंद्रकोर किंचित फिकी ठेवली व बाकीचे बुबुळ एकसंध गडद ठेवले, की काम झाले. तपशील कमी लागतो, निरीक्षण अधिक लागते.

प्लास्टरच्या ठशांविषयीही दोन शब्द. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली. तिच्यात, आणि तिच्या धर्तीवर चाललेल्या इतर कलाशाळांत, पाश्चात्त्य शिल्पांच्या ठशांवरून रेखांकन करण्याची शिस्त रुजली. मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड' या शिल्पातील (१५०१–०४) एकट्या डोळ्याचा ठसा आजही कलासाहित्याच्या दुकानांत मिळतो. गोल, पापणीची जाडी व खोबणीची खोली समजून घेण्यास त्यासारखे साधन नाही. मात्र त्या शिल्पात बाहुलीच्या जागी खोल खाच कोरलेली आहे. संगमरवराला काळा रंग नसल्याने शिल्पकाराने सावलीकडून काळ्याचे काम करून घेतले आहे. प्राचीन ग्रीक पुतळ्यांत डोळे रंगवलेले किंवा जडवलेले असत. ते रंग गेल्यामुळे आज ते कोरे दिसतात. म्हणजे ठसा आकार शिकवतो, छटा शिकवत नाही. छटेसाठी जिवंत माणूसच समोर हवा, आणि तोही न मिळाल्यास आरसा आहेच.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की सुट्या डोळ्याचा सराव आपल्या परंपरेतही आहे. आहे खराच. रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते. इतर रंगकाम कोणीही करो, आखणीला ठरलेला हात लागतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात तर डोळ्यांचे प्रकारच सांगितले आहेत : धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा इत्यादी, आणि कोणत्या भावाला वा पात्राला कोणता प्रकार योजावा हेही सांगितले आहे. परंतु हा युक्तिवाद व्यक्तिचित्रणाला लागू पडत नाही. आखणी करणाऱ्याला डोळा आधीच ठाऊक असतो. त्याची परीक्षा तो डोळा हजाराव्या मूर्तीवरही तितकाच शांत व प्रसन्न उतरवण्यात आहे. व्यक्तिचित्रकाराला समोरचा डोळा ठाऊक नसतो. पाठ झालेला डोळा ही पहिल्याची सिद्धी होय, दुसऱ्याचा अडथळा होय. आदर्श डोळा मनात घट्ट बसला की समोर बसलेल्या वृद्धेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर उतरलेली कातडीची घडी दिसेनाशी होते.

सुट्या सरावाची खरी मर्यादा मात्र याहून खोल आहे, आणि ती एका रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिली ही गमतीची गोष्ट आहे. विल्यम हाइड वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चित्रातील डोळ्यांच्या दिशेविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी सर थॉमस लॉरेन्स या नामांकित व्यक्तिचित्रकाराची रेखाटने त्याने वापरली. एकाच चेहऱ्यातील डोळ्यांची जोडी तशीच ठेवून तिच्याखालचा नाकाचा व चेहऱ्याचा भाग तेवढा दुसऱ्या दिशेला वळलेला असा बसवला, तर त्याच डोळ्यांची नजर निराळ्या दिशेला गेलेली दिसते. डोळ्यांतील एक रेघही बदललेली नसते. नजर म्हणजे केवळ बुबुळाची जागा नव्हे. बुबुळ आणि नाकाचा कल यांचा मेंदू जो मेळ घालतो तो म्हणजे नजर.

हा प्रयोग कोणालाही करता येईल. समोर पाहणारे दोन डोळे काढावेत, वर पातळ पारदर्शक कागद ठेवून एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळलेले नाक, ओठ व हनुवटी काढावी, आणि कागद आळीपाळीने डोळ्यांवर ठेवावेत. ज्याने हे एकदा पाहिले त्याला आपल्या वहीतील शंभर डोळे कोणाकडेच का पाहत नव्हते, याचा उलगडा होतो. त्यांना नाकच नव्हते. नंतर ते चेहऱ्यावर बसवताना चेहरा तिरपा, डोळे मात्र वहीतल्याप्रमाणे समोरचे, असा प्रकार घडतो. तिरप्या चेहऱ्यातील पलीकडचा डोळा अरुंद होतो, त्याचे बुबुळ वर्तुळ न राहता उभट लंबवर्तुळ होते, आणि त्याचा आतला कोपरा पुष्कळदा नाकाच्या पुलाआड जातो. या डोळ्याचा स्वतंत्र सराव विद्यार्थी करीत नाहीत, कारण सुटा काढला तर तो कुरूप दिसतो. माझ्या अनुभवात व्यक्तिचित्रे बहुधा याच डोळ्याने बिघडतात.

यावरून सरावाची सुधारलेली रीत सुचते. डोळा काढावा, पण कधीही एकटा काढू नये. भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत व नाकाच्या पुलापासून कानशिलापर्यंतचा चौकोन हा सरावाचा सर्वांत लहान घटक मानावा. प्रथम खोबणीची एकच मोठी सावली भरावी. तीत गोलाचा फुगवटा उजेडाने काढावा. मग पापण्यांच्या कडा, मग बुबुळ, आणि चमक अगदी शेवटी. केस तर आणखी मागाहून, आणि तेही एकेक नव्हे. वरच्या पापणीला शंभर-दीडशे केस असले तरी बैठकीच्या अंतरावरून दिसते ती त्यांची एक मऊ, गडद किनार. लेडनचा तरुण रेम्ब्रांट १६२८ च्या सुमारास स्वतःचे चित्र काढताना जवळजवळ संपूर्ण डोळे सावलीत बुडवतो. हे लहानसे चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्या अंधारात फार थोडे काढलेले आहे, तरी तो तरुण आपल्याकडे पाहत आहे याविषयी शंका राहत नाही, कारण खोबणी, भुवईचे हाड व नाक आपापल्या जागी आहेत. फेर्मेरच्या मोत्याचे कर्णभूषण घातलेल्या मुलीला पापण्यांचे केसच नाहीत, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. २०१८ मध्ये हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात झालेल्या तपासणीत ते केस आढळले. पण साध्या डोळ्यांना ते दिसत नव्हते तेव्हाही त्या नजरेत कोणाला उणीव भासली नव्हती.

काजळ आणि चष्मा या आपल्याकडच्या नित्याच्या गोष्टी पुस्तकांत सहसा येत नाहीत. खालच्या पापणीच्या कडेला काजळ असेल तर उजेड झेलणारी ती ओली पट्टी नाहीशी होते, आणि डोळ्याची खोली दाखवण्यास वरच्या पापणीची सावलीच काय ती उरते. तेथे ती सावली सौम्य करून चालत नाही. लघुदृष्टीच्या चष्म्यातून डोळा लहान दिसतो व काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकते. चाळिशीच्या चष्म्यातून डोळा मोठा दिसतो. काचेमागे नेहमीच्या मापाचा डोळा काढला की चष्मा बिनकाचेचा वाटतो. प्रकाशाची दिशा उलटली तर वर सांगितलेले छटांचे सगळे गणितही उलटते. सावळाराम हळदणकर यांच्या 'ग्लो ऑफ होप' या १९४५–४६ च्या सुमाराच्या जलरंगातील चित्रात (म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात ते आहे) चेहऱ्यावरचा उजेड हातातील दिव्याचा आहे. अशा उजेडात वरच्या पापणीची खालची कड, जी एरवी अंधारात असते, ती उजळते. दिवा घेऊन कोणाला तरी बसवावे आणि एक संध्याकाळ केवळ एवढेच पाहावे. काढण्याची घाई करू नये.

विद्यार्थ्यांना मी अलीकडे पहिल्या महिन्यात उघडे डोळे काढूच देत नाही. दुपारी जेवणानंतर घरात कोणी झोपलेले असेल, तर त्याच्या उशाशी बसून मिटलेल्या पापण्या काढून आणावयास सांगतो. तेथे बुबुळ नाही, चमक नाही, केसांची हौस भागवण्यास फारशी जागा नाही. आहे तो केवळ खोबणीतील गोल आणि त्यावर ताणलेली कातडी, तिच्यात एका बाजूला किंचित दिसणारा स्वच्छमंडलाचा उंचवटा. कधी कधी झोपलेल्या माणसाचा तो उंचवटा पापणीखाली हलतो, आणि विद्यार्थ्याला खोडरबर घेऊन पुन्हा आरंभ करावा लागतो. वडिलांची अशी दहा-बारा रेखाटने झाल्यावर त्यांना जागे करून समोर बसवावे.